उंबराच्या पाण्याचा मालक

या व्यवहारात क्लिफर्डला नेमकं काय मिळायचं होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. कारण पुढे गावठाणात जो तो आपापल्या सोयीने आकडा वाढवत गेला. मिळायचं होतं ते असं. आईचं नाव, गाण्याच्या खाली, बारीक अक्षरात का होईना, पण कायमचं. आगाऊ म्हणून एक रक्कम, जिच्यात मुलीच्या लग्नाचा बँड निघत होता पण बँडवाल्यांचं जेवण निघत नव्हतं. आणि तिसरी गोष्ट, जी त्याने कुणाला सांगितली नव्हती पण त्याच्या मनात सगळ्यात वर तीच होती: एका बिल्डरचं तोंड बंद होणार होतं. मरोळच्या पलीकडे टॉवर उठवणाऱ्या त्या माणसाने आपल्या जाहिरातीत कुठल्याशा लग्नाच्या व्हिडिओतला त्याच्या आईचा, अँजेलिनाचा, आवाज उचलून घातला होता. पडद्यावर बाविसाव्या मजल्यावरचा स्विमिंग पूल, त्यात पोहणारी एक गोरीपान बाई, आणि मागे क्लिफर्डची ब्याऐंशी वर्षांची आई विहिरीचं पाणी ओढायचं गाणं म्हणतेय. नाव नाही, गाव नाही. लाखो लोकांनी पाहिलं. क्लिफर्डने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला आधी अभिमान वाटला, मग त्याने जाहिरात पुन्हा लावून आईचं नाव शोधलं. त्याची सगळी नोकरी विमानतळाच्या कार्गोत गेली होती, आणि तिथे एकच कायदा होता: ज्या खोक्यावर नाव नाही ते बेवारस, आणि बेवारस खोकं शेवटी कुणीतरी फोडतंच. तेव्हा लिंक रोडवरच्या एका म्युझिक कंपनीत जाऊन त्याने आईच्या आवाजात ते गाणं नीट रेकॉर्ड करून घेतलं, कागदांवर सह्या केल्या आणि नाव लावलं. महिन्याभरात जाहिरात गप्प झाली. क्लिफर्डने त्या दिवशी घरी जाताना अर्धा किलो पापलेट नेलं. इथपर्यंत सगळं जमेच्या बाजूला होतं.

मग जानेवारीतल्या एका रविवारी, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, त्याचा चुलतभाऊ बर्नार्ड त्याच्यापाशी आला. बर्नार्डसोबत त्याचा मुलगा ग्लेनरॉय होता, ज्याचं लग्न नोव्हेंबरात ॲन्ड्रियाशी झालं होतं. "क्लिफ्या, जरा बघ रे हे," बर्नार्ड म्हणाला, "मला या मशिनीतलं काय कळत नाही, तू आता यातला मोठा माणूस." ग्लेनरॉयने फोन पुढे धरला. त्याच्या लग्नाचा व्हिडिओ. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवऱ्या मुलाच्या किंवा नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात, त्या उंबराच्या पाण्याचा भाग. लाल लुगडी नेसलेल्या बायका चालत होत्या, बँडवाल्याचे गाल फुगत होते, घुमटाच्या ताणलेल्या कातड्यावर कुणाचा तरी तळवा पडत होता, आणि आवाज नव्हता. अजिबात नव्हता. क्लिफर्डने आधी स्वतःच्या कानात बोट घालून पाहिलं. "फोन बंद नाय अंकल," ग्लेनरॉय म्हणाला, "पुढे बघा, चर्चमधलं सगळं ऐकू येतं. फक्त पाणी मुकं आहे." त्याने खालची ओळ मोठी करून दाखवली. मालकाच्या हक्कामुळे या भागाचा आवाज काढून टाकला आहे. मालक: अँजेलिना मिरांडा, तर्फे क्लिफर्ड मिरांडा. "ॲन्ड्रियाने दुबईच्या आंटीला लिंक पाठवली," ग्लेनरॉय म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आंटी विचारते, तुमच्यात मुक्याने पाणी आणतात काय."

क्लिफर्ड काहीतरी बोलला. कंपनीशी बोलतो, मशीनची चूक असेल, असं काहीतरी. पण घरी येताना, बेकरीवरून, बंद पडलेल्या सोडा फॅक्टरीवरून, त्याच्या डोळ्यांपुढे ती तोंडंच उघडझाप करत राहिली. त्याला प्रत्येक तोंड माहीत होतं. फिलूबाय तोंड वाकडं करून वरचा सूर घेते. बर्नार्डची बायको अर्धे शब्द खाते. आणि मध्ये त्याची आई, मान किंचित मागे, डोळे मिटलेले. आवाज काढून घेतल्यावर ती सगळी मासळीसारखी दिसत होती, टोपलीतली, हवेला तोंड मारणारी. लहानपणी, पाच-सहा वर्षांचा असेल, क्लिफर्डचा कान फुटला होता. कानात कापसाचे बोळे घालून तो कितीतरी दिवस एका जाड, कोमट शांततेत फिरत होता. त्याच दिवसांत कुणाचं तरी उंबराचं पाणी होतं, आणि आईने त्याला पाठीशी बांधून नेलं होतं. बायका गायला लागल्या तेव्हा त्याला काही ऐकू आलं नाही. पण त्याने गाल आईच्या पाठीला लावला आणि गाणं हाडांतून आत आलं. शब्द नाहीत, फक्त एक घोगरी घरघर, खोबरेल तेलाचा आणि बाटली मसाल्याचा वास असलेली. ती थांबली की तो तिच्या पाठीवर मूठ मारायचा आणि ती पुन्हा सुरू व्हायची. गाणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं पुन्हा कळलं नाही. आणि आता, छप्पन्नाव्या वर्षी, दुसऱ्याच्या लग्नात त्याने स्वतःच कापूस कोंबून ठेवला होता. वाटेत त्याने दोनदा स्वतःला समजावलं की चोर तो नाही, चोर तो बिल्डर. दोन्ही वेळा ते पटलं, आणि पटूनही उपयोग झाला नाही.

दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी. "मिरांडा साहेब काय? मी माहुलवरून हरेश्वर बोलतो, कोळीवाड्यातला." आवाज मोकळा, मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं. "मला एक सांगा, तुमच्या आईचं आमच्या कृणालच्या हळदीत काय काम निघालं? आमंत्रण तर मी दिलं नव्हतं." क्लिफर्डने विचारलं, कसलं काम. "अहो, आमच्या बायकांनी पाण्याचं गाणं म्हटलं, तर तुमचा कागद येऊन बसला त्याच्यावर. आम्ही हिंदू कोळी, तुम्ही ख्रिश्चन, तुमचं-आमचं पाणी एकच निघालं म्हणायचं. चांगलंच आहे. पण मग मालक तुम्ही एकटेच कसे झाला?" क्लिफर्ड म्हणाला, गाणं आमच्या आईचं आहे. हरेश्वर हसला; वाईट हसणं नव्हतं ते. "माझी आजी मथुरा तुमच्या मरोळला पाट्या घेऊन यायची सुकटीच्या. तिने तिथनं आणलं, की तुमच्याकडे सोडून आली, ते तिलाच ठावं, आणि ती तर गेली. तुम्ही कसं ठरवलं ते सांगा, आम्ही पण तसंच ठरवतो." क्लिफर्डने फोन ठेवला. अनोळखी माणसाने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

आता त्याने ठरवलं कसं, हा प्रश्न खरा होता, आणि उत्तर त्याला माहीत होतं. कंपनीत रुचिरा नावाची एक हुशार, जांभळ्या फ्रेमचा चष्मा लावणारी मुलगी त्याचा फॉर्म भरून घेत होती. गाणं पारंपरिक की स्वतः रचलेलं, असा एक रकाना होता. पारंपरिक लिहिलं तर फक्त आवाज तुमचा, चाल नाही, असं तिने समजावलं होतं. क्लिफर्डला कार्गोतल्या अर्ध्या कुलपांची आठवण झाली, जी दिसायला लावलेली असतात. शिवाय गाण्यात एक कडवं तर खरंच आईने रचलेलं होतं. विहिरीच्या वरून विमान गेलं त्याचं: 'वर विमान, खाली मी, घागर सांडली गं, नवरा बघतो विमान, मी बघते पाणी.' हे तिचंच, सगळं गावठाण सांगेल. एक कडवं तिचं, तर गाणं तिचं म्हणायला काय हरकत आहे? त्याने रकान्यात 'रचना: अँजेलिना मिरांडा' लिहिलं. त्या वेळी एक गार, नीटस समाधान वाटलं होतं, बऱ्याच दिवसांनी एखादी पेटी आपल्या जागी सरकवल्यासारखं.

सोमवारी तो रुचिराकडे गेला. तिने शांतपणे ऐकलं. "अंकल, मशीनला बिल्डर आणि बर्नार्ड कळत नाहीत," ती म्हणाली, "मशीनला चाल कळते. तुम्ही सांगितलं चाल तुमची, म्हणून जिथे जिथे चाल सापडली तिथे तिथे ती बसली. तिने तुमचंच ऐकलं." यावर उपाय काय, असं त्याने विचारलं. उपाय दोन होते. एक, ज्यांना ज्यांना सोडायचं त्यांनी आपापली लिंक क्लिफर्डकडे पाठवायची, त्याने कंपनीला कळवायचं, कंपनी एकेकाला परवानगी देईल. दोन, करार मोडायचा. मग आगाऊ रक्कम परत, आणि हक्क सगळ्यांवरूनच उठणार. "सगळ्यांवरून म्हणजे?" "म्हणजे सगळ्यांवरून. बिल्डरची जाहिरात पण परत चालू होईल. आवाजाचा दावा वेगळा करता येतो, पण त्याला वकील, वर्षं, आणि अंकल, तो बिल्डर तुमच्यापेक्षा जास्त जगेल." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "पहिला उपाय घ्या ना. सगळे खूश. तुम्ही फक्त हो म्हणायचं." क्लिफर्डला ते पटलं. आता त्याला सगळ्या गावठाणाला हो म्हणायचं होतं, आणि त्या कल्पनेत, खोटं कशाला बोला, थोडी गोडीही होती.

ही गोडी चार घरं टिकली. त्याची मुलगी यव्होन हिचं लग्न तीन आठवड्यांवर होतं, आणि पाण्याला जायचं आमंत्रण घरोघर जाऊन द्यायचं असतं. ते खरं घरातल्या बाईचं काम. पण क्लिफर्डची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, म्हणून सोबत यव्होनला घेऊन तोच निघाला, हातात मिठाईचा डबा आणि खिशात परवानगीची बातमी. पहिल्या तीन घरी चहा मिळाला. येऊ ना, येणार ना, आपलीच पोरगी. चौथं घर फिलूबायचं. सगळ्या बायकांना सूर देणारी ती. ती निघाली की बाकीच्या निघतात. ती ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. तिने डबा घेतला, यव्होनच्या गालावर ओला हात ठेवला आणि म्हणाली, "येईन ना गे बाय. तुझ्या आवयच्या लग्नात आलती, तुझ्या आजीच्या मांडीवर बसून शिकली, तुझ्या पाण्याला नाय येणार? लुगडं नेसून येईन, विहिरीपर्यंत चालीन." मग क्लिफर्डकडे न बघता, "फक्त गाणार नाय. गाणं तुमचं हाय आता. दुसऱ्याच्या मालाला हात लावायची आमाला सवय नाय." क्लिफर्डने परवानगीचं सांगितलं. लिंक पाठव, मी हो म्हणतो. फिलूबायने कोलंबीचं डोकं तोडून बाजूला टाकलं. "म्हंजे माझ्या नातवाच्या पाण्याला मी गाईन, आणि मग तुला विचारीन, बाबा रे, गायली ते चालंल ना? तुझ्या नाकाला कापड लावून मी तुला शेंबूड पुसायला शिकवलं, क्लिफर्ड. तू मला हो म्हणणार." हे ती अजिबात चढ्या आवाजात बोलली नाही. उलट वर म्हणाली, "चहा घे. चहावर कोणाचं नाव नाय."

परत येताना यव्होन पुढे चालत होती. ती घाटकोपरला एका बँकेत कर्ज मंजूर करायच्या विभागात काम करते. माणसाला नाही म्हणण्याचा तिला रोजचा सराव आहे. घराच्या पायरीवर ती थांबली. "डॅडी, मला हॉल छोटा चालेल. केक नसला तरी चालेल. पण माझं पाणी मुकं नको." आणि आत जाताना, जणू सहज, "मम्मी असती तर तिने फिलूआंटीला मिनिटात गायला लावलं असतं." हे वाक्य क्लिफर्डच्या छातीत शिरलं आणि तिथेच बसलं. कारण ते खरं होतं, आणि त्याला माहीत होतं की बायको असती तर तिने त्याला तो रकाना भरूच दिला नसता. तिने फॉर्म वाचला असता, चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं असतं आणि एवढंच म्हटलं असतं, हे आवयला विचारलंस का.

विचारलं नव्हतं. रेकॉर्डिंगला तिला नेलं, तिला स्टुडिओतला एसी आवडला, हेडफोनमुळे तिला हसू येत होतं. पण कागदावर काय लिहिलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता त्याने सांगितलं. अँजेलिना पडवीत उन्हाला पाय देऊन सोडे निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा "मोठ्याने बोल" म्हणाली, त्यामुळे शेजारच्या घरानेही सगळं ऐकून घेतलं. क्लिफर्डने बिल्डरचं सांगितलं, स्विमिंग पूलचं सांगितलं, तुझ्या आवाजावर तो फ्लॅट विकतो आणि तुझं नाव पण घेत नाही हे सांगितलं. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. नाही म्हणायचं कारण नाही, तिलाही ते लागलं. "नाव लावायला पाहिजे होतं त्यानं," ती म्हणाली. "एवढं गाऊन पण लोकांना वाटंल मी कोण मेलेली बाई." मग पुन्हा सोडे निवडायला लागली. क्लिफर्डला वाटलं, संपलं, ती आपल्या बाजूची आहे. त्याने विचारलं, "ते विमानाचं कडवं तरी तुझंच ना?" "माझंच. तुझ्या बापसाला चिडवायला घातलं. विमान आलं की हा मानूस डोकं वर करून हुबा, आणि मी दोर वढते." ती हसली. "पण सांडलीच्या पुढं मला काय सुचंना. तशीच हुबी राहिली तोंड उघडून. तर फिलूच्या आवयनं मागनं टाकलं, 'नवरा बघतो विमान'. सगळ्या हसून हसून दोर सोडून बसल्या. घागर खरीच गेली खाली." क्लिफर्डने हिशोब केला: म्हणजे कडवंही अर्धं. "मग तुझं काय त्यात?" त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात त्यालाच न आवडलेली एक घाई होती. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कान फुटलेल्या पोराकडे बघतात. "माझी घागर गेली ना," ती म्हणाली.

त्या आठवड्यात क्लिफर्डने बिल्डरची जाहिरात पुष्कळदा मनात चालू करून पाहिली. आंघोळ करताना, भाजी घेताना. निळं पाणी, गोरी बाई, आईचा आवाज. राग येत होता, अजूनही, अगदी ताजा. तो खोटा नव्हता. मग तो दुसरं चित्र लावून बघायचा: यव्होन पाटावर बसलेली, बायका चालताहेत, तोंडं मिटलेली. पहिल्या चित्रात एक परका माणूस त्याच्या आईला फुकट वापरत होता. दुसऱ्यात परकं कुणीच नव्हतं. बाहेरच्याला अडवायला बांधलेली भिंत आपल्याच अंगणातून गेली आहे, आणि तो तिच्या वर बसून लोकांना हो म्हणायला निघाला होता, हे त्याला दिसलं तेव्हा तो लिंबं निवडत होता. त्याने लिंबं परत टोपलीत टाकली, भाजीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि रिक्षा पकडून लिंक रोडला गेला. रुचिराने विचारलं, "नक्की? बिल्डर परत वाजणार हां." "वाजू दे," क्लिफर्ड म्हणाला. हे म्हणताना त्याला उदार वगैरे काही वाटलं नाही. बँडची रक्कम परत गेली, म्हणजे बँड गेला. बाहेर आल्यावर त्याने हरेश्वरला फोन करून हे सांगितलं आणि यव्होनच्या लग्नाचं आमंत्रणही दिलं. "वा," हरेश्वर म्हणाला, "म्हणजे आता मालक कोण?" क्लिफर्ड म्हणाला, माहीत नाही. "झकास," तो म्हणाला, "मग लग्नाला आम्ही येतो."

फिलूबायला मात्र तो सांगायला गेला नाही. जाऊन सांगणं म्हणजे पुन्हा एकदा हो म्हणण्यासारखंच झालं असतं. कळलं असेल तर कळलं. ग्लेनरॉयच्या व्हिडिओला आवाज परत आला होता, एवढं बर्नार्डने रस्त्यात मान हलवून कळवलं. बायका गाणार की नाही, हे कुणी बोललं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी चार वाजता त्या आल्या. लाल लुगडी, केसांत अबोली, फिलूबाय पुढे. बँड नव्हता, बर्नार्डने स्वतःहून घुमट आणलं होतं, काखेत धरून उभा होता, पण तळवा कातड्यावर टेकवलेला, न वाजवता. यव्होनच्या डोक्यावर ओढणी धरली गेली. मिरवणूक निघाली. आणि कुणी गाईना. गावठाणाच्या अरुंद गल्लीतून पंधरा-वीस बायका चालताहेत आणि फक्त बांगड्या वाजताहेत, चपला घासताहेत, कुणाच्या तरी कुकरची शिटी, पलीकडे मेट्रोच्या खांबांखाली रिक्षांची पिपाणी. क्लिफर्ड मागे चालत होता. त्याच्या कानांत जुना कापूस परत आला. घरं एकेक मागे पडली. खिडक्यांतून लोक बघत होते आणि बघून गप्प होत होते. यव्होनने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिचे खांदे मात्र हळूहळू वर चढत चालले होते. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. ग्लेनरॉयने ती सरकवली. अँजेलिनाला खुर्चीवर बसवलं होतं, आधीच, काठाशी. घागर खाली गेली. दोर सुटत गेला. पाण्यावर आदळल्याचा आवाज वर आला, आणि त्या आवाजाच्या शेपटीला धरून, इतकं हळू की क्लिफर्डला आधी भास वाटला, कुणीतरी म्हणालं, "विहिरीला कुलूप लावलं गं…"

त्याने झटकन तोंडं पाहिली. फिलूबायचं मिटलेलं. बर्नार्डच्या बायकोचं मिटलेलं. दुसरीकडून कुणीतरी ओळ उचलली, "चावी हरवली," आणि तिसरीकडून, हसू दाबत, "मिरांडांची पोरगी आज कोरडीच न्हाली." घुमटावर थाप पडली. मग सगळ्यांनी एकदम, तीच ओळ, मोकळ्या गळ्याने, आणि आता फिलूबायचं तोंड वाकडं होऊन वरच्या सुरात गेलं होतं. क्लिफर्ड या तोंडावरून त्या तोंडावर नजर फिरवत राहिला. पहिली ओळ कुणाची ते त्याला कळेना. पाच फुटांवर उभा होता, त्याच्यावरच रचलेलं, त्याच्याच डोळ्यांसमोर झालेलं कडवं, आणि तरी शपथेवर सांगता आलं नसतं की हिचं. चौथ्या फेरीला कुणीतरी 'कोरडी'च्या जागी भलताच शब्द घातला आणि यव्होन ओढणीखाली इतकी हसली की ओढणी धरणाऱ्या पोरींचे हात खाली आले. ग्लेनरॉय फोन वर धरून सगळं टिपत होता. क्लिफर्डला एकाएकी जाणवलं की आपणही गातोय, कुलपाचं, स्वतःच्याच कुलपाचं, आणि ते छातीच्या हाडात वाजतंय.

घागर वर आली तेव्हा फिलूबायने काठावर पाय रोवला आणि वाट अडवली. पाणी फुकट हलणार नाही, असं ती म्हणाली. बायकांचा घसा सुकला, घरमालकाने टाकावं काहीतरी. "टाक ना," ती म्हणाली, "त्याला तुमच्या हापिसात काय बोलतात, रॉयल्टी." बायका हसून घागरीवर वाकल्या. क्लिफर्डने खिसे चाचपले. पाकीट घरी, टेबलावर. त्याने दोन्ही हात उघडे करून दाखवले, आणि त्यावर एक आणखी कडवं होण्याच्या बेतात होतं. तेव्हा खुर्चीवरून अँजेलिनाने काठी आपटली. चोळीतून तिने एक छोटा बटवा काढला, त्याची गाठ दातांनी सोडवली आणि आतली घडी केलेली नोट फिलूबायच्या हातात ठेवली. "परत एकदा म्हणा," ती म्हणाली, "मला नीट आयकू नाय आलं."

तेव्हा शेवटी कुणी काय भरलं ते असं. बिल्डरने काही भरलं नाही. त्याच्या स्विमिंग पूलवर आईचा आवाज पुन्हा वाजतो आहे. कंपनीचे पैसे कंपनीला परत मिळाले. क्लिफर्डचा बँड गेला. बायकांनी गळा दिला, आणि गाण्याचे पैसे भरले ते जिचं नाव गाण्यावर लागायचं होतं, तिने.